नाडी, देवक, रक्तगट

१. सिन्नर. झेरॉक्सच्या दुकानात लग्नाच्या बायोडाट्याचा तयार नमुना. वर गणपती, खाली देवक, कुलदैवत, नाडी, गण, उंची, रक्तगट, मामांचे गाव. सिकलसेलचा रकाना नाही.

२. मानवी जिनोम प्रकल्प : सुरुवात १९९०, समाप्ती एप्रिल २००३. सुमारे ३ अब्ज अक्षरे, सुमारे ३ अब्ज डॉलर. आज एका माणसाचा जिनोम काही शे डॉलरमध्ये वाचून होतो.

३. त्यातले एकच अक्षर बदलते आणि हिमोग्लोबिनमध्ये ग्लुटॅमिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येऊन बसते. ऑक्सिजन कमी पडला की तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. हाडे ठणकतात, अंगात रक्त राहत नाही. आपल्याच नाशिक जिल्ह्यात, सुरगाणा-पेठच्या आदिवासी पाड्यांवर हा सिकलसेलचा आजार आहे. हिमोग्लोबिनमधला हा फरक व्हर्नन इंग्रॅम यांनी १९५० च्या दशकातच शोधला होता. जिनोम वाचून व्हायची वाट पाहण्याचे कारणच नव्हते.

४. आईवडील दोघेही या बदलाचे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक. नुसता वाहक मात्र सहसा ठणठणीत असतो. मलेरियापासून त्याला थोडे संरक्षणही मिळते. तपासणीच्या कागदावर हे मराठीत, ठळक छापायला हवे. नाहीतर त्या कागदावरून पहिली मोडतील ती मुलींची लग्ने.

५. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या. पणजोबा, खापरपणजोबा, गाव, सही. नावे बहुतेक पुरुषांची. मायटोकॉन्ड्रियातला डीएनए फक्त आईकडून येतो.

६. जगभर तुलनेसाठी वापरलेल्या संदर्भ-जिनोमचा सुमारे ७० टक्के भाग अमेरिकेतल्या बफलो शहरातल्या एका माणसाचा.

७. जिनोम इंडिया : १०,००० हून अधिक भारतीयांचे जिनोम. जानेवारी २०२५ मध्ये ही माहिती संशोधकांना खुली झाली, साठा फरिदाबादला. पिढ्यान्‌पिढ्या जातीतल्या जातीत सोयरिकी करणाऱ्या देशाला स्वतःची अशी मोजदाद हवीच होती.

८. २०१८ : ‘आनुवंशिक आजार’ एवढ्याच कारणावरून आरोग्यविम्याचा दावा नाकारू नका, असे विमा नियामकाने कंपन्यांना बजावले. पॉलिसी घेताना हे कितीजणांना सांगितले जाते?

९. सिकलसेलवर जनुक-संपादनाचा उपचार ‘कॅसजेव्ही’. अमेरिकेत मान्यता डिसेंबर २०२३. किंमत २२ लाख डॉलर.

१०. सिकलसेलसाठी सोल्युबिलिटी चाचणी. बोट टोचून थेंबभर रक्त, काही मिनिटे. पॉझिटिव्ह आली तर पुढे इलेक्ट्रोफोरेसिस.