उघड्या दाराची प्रार्थना

येरवडा म्हटलं की महाराष्ट्राला तुरुंग आठवतो, नाहीतर मनोरुग्णालय. 'याला येरवड्याला पाठवा' ही थट्टा करायला कुणी पुणं पाहिलेलं असावं लागत नाही. आमची मुलं मात्र इथंच जन्मली, इथंच वाढताहेत, आणि त्यांना ही थट्टा पहिल्यांदा कळली ती श्रीरामपूरला एका लग्नात. घरी परतल्यावर धाकट्यानं विचारलं, "आई, आपल्याकडे राहणं ही शिक्षा असते का?"

त्या संध्याकाळी आम्ही ठरलेला शास्त्रपाठ बाजूला ठेवला आणि मत्तयाचा पंचविसावा अध्याय काढला. न्यायाच्या दिवशी राजा भुकेल्यांचा, उघड्यांचा, आजाऱ्यांचा आणि बंदिवानांचा हिशेब मागतो आणि त्यांच्यासाठी जे केलं ते आपल्यासाठीच केलं असं धरतो, तो भाग. दुसऱ्या गावातल्या मुलापुढं हा अध्याय वाचताना तुरुंग कल्पनेनं उभा करावा लागेल. आमच्या मुलांना मध्यवर्ती कारागृहाच्या फाटकाशी मुलाखतीला आलेल्या बाया येता-जाता दिसतात. कडेवर मूल, हातात कापडी पिशवी, आधारकार्डाची झेरॉक्स घडी करून मुठीत धरलेली. थोरली वाचता वाचता थांबली आणि म्हणाली, "त्या बायांच्या मुलांची शाळा बुडत असेल ना?" तिच्या वहीत त्या दिवशीच्या वचनाखाली तारीख आहे, आणि तिच्या तिरक्या अक्षरात एकच ओळ: पुढच्या वेळी पाणी न्यायचं. आता आम्ही त्या रस्त्यानं जाताना पाण्याच्या बाटल्या नेतो. मनोरुग्णालयाची थट्टा आमच्या घरात कुणी करत नाही, आणि का करत नाही हे धाकटासुद्धा सांगू शकतो.

आमची मुलं शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात. सकाळी गणित, मराठी, विज्ञान. दुपारी इंग्रजी आणि चित्रं. संध्याकाळी दिवे लागले की कुटुंब प्रार्थना. नातेवाइकांचा पहिला प्रश्न कायद्याचा असतो. २००९चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षण देण्याची जबाबदारी त्यानं सरकारवर टाकली. घरी शिकवणाऱ्या आईबापांबद्दल त्यात स्पष्ट असं काही नाही. चौदा पूर्ण झाल्यावर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावीला बसता येतं, आणि आमची थोरली आता त्याच तयारीत आहे. दुसरा प्रश्न असतो तो जास्त खोल जातो. "जगापासून लपवताय का मुलांना?" हे विचारणारे बहुतेक आमच्याच मंडळीतले असतात.

प्रश्न रास्त आहे. अमेरिकेत ख्रिस्ती घरशाळेची लाट १९८०च्या दशकात मोठी झाली आणि १९९३ पर्यंत तिथल्या पन्नासही राज्यांत घरी शिकवणं कायदेशीर ठरलं. त्या लाटेमागं श्रद्धा होती, मुलांवरची माया होती, आणि बाहेरच्या जगाची भीतीही होती. तिथली पुस्तकं मी चाळली आहेत. छपाई सुरेख, पाठ नेटके, पण त्यांतलं घर कुंपणातलं आहे. आमचं घर दोन खोल्यांचं. उन्हाळ्यात दार लावून बसता येत नाही. प्रार्थनेच्या वेळी मशिदीतली अजान ऐकू येते, एप्रिलमध्ये बाबासाहेबांच्या जयंतीची गाणी, भाद्रपदात आरत्या. अशा वस्तीत मुलांना येशूच्या मागं चालायला शिकवायचं तर दार उघडं ठेवूनच शिकवावं लागतं, आणि मला तेच बरोबर वाटतं.

याच पुण्यात एका आईची प्रार्थना उघड्या दारामुळं गाजली होती. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू केलेलं शारदा सदन पुढच्याच वर्षी पुण्याला आलं. विधवा मुलींसाठी ती शाळा आणि घर दोन्ही होतं. तिथं धर्माची शिकवण द्यायची नाही, प्रत्येकीनं आपला धर्म पाळावा, असं ठरलेलं होतं. रमाबाई स्वतः ख्रिस्ती होत्या. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला होता. सदनातल्या आपल्या खोलीत त्या लेकीला, मनोरमेला, जवळ घेऊन बायबल वाचत आणि प्रार्थना करत. दार लावून घेत नसत. हळूहळू काही मुली येऊन बसू लागल्या. कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणी हाकललंही नाही. गावात काहूर उठलं. १८९३ साली न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी आपापल्या मुली काढून नेल्या.

या गोष्टीचा विचार मी पुष्कळ केला आहे, आणि माझं मन दोन्हीकडं जातं. रमाबाईंनी दार का लावावं? मुलीबरोबर प्रार्थना करणं हा आईचा हक्क, आणि चोरून केलेली प्रार्थना मुलाला भीतीखेरीज काय शिकवणार? पण ज्या मुली येऊन बसत होत्या त्या दुसऱ्यांच्या होत्या, दुःखात होत्या, आणि ज्या बाईनं त्यांना जवळ केलं तिच्या खोलीकडं त्यांचे पाय वळणारच. पालकांच्या भीतीत नुसता दुराग्रह होता असं मी म्हणणार नाही. आपल्या लेकराची श्रद्धा आपल्याला न विचारता कुणी घडवू नये, असं त्यांना वाटलं. मलाही माझ्या मुलांबद्दल तसंच वाटतं.

आणि हेच तर रमाबाईंनीही मागितलं होतं! वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन त्यांच्या धर्ममाता. त्यांच्याशी रमाबाईंचा जो पत्रव्यवहार झाला तो १९७७ साली पुस्तकरूपानं छापला गेला. त्यात ही तरुण विधवा, परक्या देशात, परक्यांच्या आश्रयाला असताना, आपल्या सद्सद्विवेकाला न पटलेली शिकवण मान खाली घालून घ्यायला तयार नाही. मनोरमेला धर्मातलं काय शिकवायचं हे तिची आई ठरवणार, यावरही त्या ठाम राहतात. उपकाराच्या ओझ्याखाली असलेल्या बाईला हे सोपं गेलं नसेल. घरी शिकवणाऱ्या कुठल्याही आईनं ती पत्रं एकदा वाचावीत.

रमाबाई स्वतः घरीच शिकल्या होत्या, तेही ख्रिस्ती घरात नव्हे. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं, आणि त्या बायकोनं, लक्ष्मीबाईंनी, मुलीला. वडील तोवर थकले होते. घर म्हणजे तीर्थयात्रेचा रस्ता. पहाट व्हायच्या आधी, दिवसाची कामं सुरू होण्यापूर्वी, आई झोपेनं जड झालेल्या मुलीला कुशीत घेऊन हळूच जागं करी आणि श्लोक म्हणवून घेई. पुस्तक हातात नसे; आईच्या तोंडून निघालेला शब्द हाच ग्रंथ. विसाव्या वर्षी कलकत्त्याच्या विद्वानांनी या मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं, ती या पहाटेची कमाई. पुढं १८८७ साली आलेलं आपलं इंग्रजी पुस्तक त्यांनी आईच्या स्मृतीला अर्पण केलं. ख्रिस्ती झाल्यावरही, पुराणं शिकवणाऱ्या आईचं ऋण त्यांनी कधी झाकलं नाही. केडगावला त्यांनी बायबलचं मराठी भाषांतर मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून हाती घेतलं, तेव्हा भाषा शिकण्याची ती सवयच कामी आली. ते संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर पडलं. मनोरमा १९२१ साली गेली होती, रमाबाई १९२२ साली.

आमच्या घरात अक्षरओळख आणि प्रार्थना नेहमी एकाच चटईवर झाली. माझे आजोबा राहुरी तालुक्यातले. ज्या वस्तीत त्यांचा जन्म झाला तिथल्या मुलांना गावच्या शाळेत दाराबाहेर बसवत. ते वाचायला शिकले मिशनच्या मास्तरांकडे, आणि पाटी सुटल्यावर त्यांच्या हातात पहिलं पुस्तक आलं ते शुभवर्तमान. म्हातारपणी डोळे गेले तरी संध्याकाळी आम्हा नातवंडांकडून ते स्तोत्र वाचून घेत आणि चुकलेला शब्द न बघता दुरुस्त करत. आम्ही पेटीवर टिळकांची भजनं म्हणत असू. अभंग, ओवी, टाळ, पेटी हे सगळं ख्रिस्ती उपासनेत आहे ते रेव्हरंड नारायण वामन टिळकांसारख्यांमुळं. आपल्या देवाशी आपल्या बोलीत बोलायची वाट त्यांनी करून दिली.

पण टिळकांच्या घराकडून मी शिकले ते वेगळंच. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यामागं गेल्या नाहीत. ताटातूट झाली, पोरगं लहान, माहेरसासरचे अश्रू. पुढं त्या नवऱ्याजवळ राहायला आल्या तरी सोवळंओवळं सांभाळून राहिल्या. जातीपातीचा विचार त्यांनी स्वतःच्या डोक्यानं केला, त्या कोड्यातून त्या स्वतःच बाहेर आल्या, आणि बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली. इतक्या वर्षांत टिळकांनी ओढलं असतं तर एक आज्ञाधारक बायको मिळाली असती. 'स्मृतिचित्रे' लिहिणारी लक्ष्मीबाई मिळाली नसती. पुढं नगरला त्याच घरात बालकवी ठोंबरे येऊन राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांना पोटच्या पोरासारखं सांभाळलं. घरात रोज उपासना, रोज भजन, आणि बालकवी हिंदू म्हणून आले तसे हिंदू म्हणूनच राहिले. ख्रिस्ती घर कसं असावं असं कुणी विचारलं तर मी या घराकडं बोट दाखवते.

आमच्या प्रार्थनेला समोरच्या खोलीतला एक मुलगा येऊन बसतो. धाकट्याचा दोस्त. त्याला गाणी आवडतात, दावीद आणि गल्याथ तर तोंडपाठ आहे. पहिल्याच दिवशी मी त्याच्या आईकडं गेले आणि आमच्याकडं काय चालतं ते सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "बसू दे ना ताई, गोष्टीच ऐकतोय. फक्त त्याच्या मनात दुसरं काही भरू नका." मी शब्द दिला, आणि तो पाळते. तो नसताना आम्ही त्याच्यासाठी प्रार्थना करतो ती त्याच्या खोकल्यासाठी आणि गणितासाठी.

तुरुंगाच्या शेजारी राहण्याचा एक फायदा असा की पौलाची पत्रं इथं वेगळी वाचली जातात. इफिसकरांस, फिलिप्पैकरांस, कलस्सैकरांस आणि फिलेमोन ही चारही बंदिवासातून लिहिलेली, असं मंडळी परंपरेनं मानते. दूरच्या घरांना, घरात जमणाऱ्या मंडळ्यांना लिहिलेली. फिलेमोनाच्या पत्रात तर पळून गेलेल्या गुलामाला भाऊ म्हणून घरात घे, एवढीच विनंती आहे. ते वाचून झाल्यावर मी मुलांना दुसऱ्या एका बंद्याची गोष्ट सांगितली. १९३० साली गांधीजी याच येरवड्याच्या तुरुंगात होते. या जागेला ते येरवडा मंदिर म्हणत. साबरमतीच्या आश्रमातल्या माणसांसाठी ते दर आठवड्याला एक छोटं पत्र लिहीत, एकेका व्रतावर: सत्य, अहिंसा, अस्वाद, अपरिग्रह. मंगळवारी सकाळच्या प्रार्थनेनंतर ते लिहिलं जाई, म्हणून त्या पत्रांचं पुस्तक झालं 'मंगलप्रभात'. एका वेळी एकच विषय, थोडक्यात, मोठ्यानं वाचण्याजोगा, आणि मग आठवडाभर तो जगून पाहायचा. मुलांना घडवण्याची याहून चांगली रीत मला माहीत नाही. आम्हीही आता आठवड्याला एकच वचन घेतो. रोज नवं वचन पाठ करून घेण्यानं पाठांतराच्या स्पर्धेत बक्षीस मिळतं, मूल बदलत नाही.

गेल्या पावसाळ्यात पास्तरसाहेबांनी थोरलीचं नाव दृढीकरणाच्या वर्गासाठी विचारलं. ती म्हणाली, "मला अजून नको. मी जे कबूल करणार ते मला आधी खरं वाटायला हवं." सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. घरी शिकवूनही पोर असं म्हणते म्हणजे काय, असा त्यांचा सवाल होता. मला मात्र त्या वाक्यात आमचीच शिकवण ऐकू आली. ती रोज शास्त्रपाठाला बसते, पेटी तीच वाजवते, आणि ईयोबाच्या पुस्तकावर तिचे जे प्रश्न आहेत त्यांतल्या पुष्कळांना माझ्याकडं उत्तर नाही. पास्तरसाहेबांनी तिला नाव न लिहिता वर्गात येऊन बसायची मुभा दिली. ती जाते.

मंडळीतल्या आया मला विचारतात, आम्हीही मुलांची शाळा सोडवावी का? मी कुणालाही तसं सांगत नाही. त्यासाठी वेळ लागतो, एक पगार सोडावा लागतो, आणि शाळेत मिळणारे सवंगडी घरी मुद्दाम जमवावे लागतात. पण मुलं इंग्रजी शाळेत जाऊ लागली की प्रार्थनाही इंग्रजीत होते, आजीला ती कळत नाही आणि आजीचं स्तोत्र नातवाला कळत नाही, हे मी घरोघर पाहते आहे. तेवढं तरी थांबवू या. जेवणं झाली की टीव्ही बंद करा, मराठी बायबल काढा, आणि मुलांनाच मोठ्यानं वाचू द्या. मधेच प्रश्न आला तर वाचन पुढं रेटू नका. आणि शेजारचं मूल येऊन बसलं तर बसू द्या, पण त्याच्या आईला त्याच दिवशी जाऊन सांगा.