चिनी मोहल्ल्याची वेस

विदर्भातल्या उमरेडला चिनी वस्ती नाही, चायनीजच्या गाड्या मात्र आहेत. दिवेलागणीला रस्त्याच्या कडेला गॅसचा भडका उडतो, काळ्या कढईत कोबी आणि नूडल्स उलटतात, सोया सॉसचा वास धुळीत मिसळतो आणि लाल अक्षरांच्या पाटीवर एखादा ड्रॅगन शेपटी वळवून बसलेला दिसतो. गाडीवरचा पोरगा इथलाच असतो, फार तर नेपाळी. तो जे मंचुरियन देतो तेही चीनमधून आलेलं नाही. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वांग या आचाऱ्याने ते १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात जुळवलं. पदार्थाला इतका प्रवास जमला, कारण त्याला कुणाची परवानगी लागत नाही. माणसाला लागते. त्याला उतरू देणारं बंदर लागतं, खोली देणारा घरमालक लागतो, काम देणारा मालक लागतो आणि आजारी पडल्यावर दारात उभं करणारा दवाखाना लागतो. अमेरिकेत मुलाकडे गेलेले आपले लोक तिथल्या शहरातलं चायनाटाउन पाहून येतात, कमानीखाली फोटो काढतात आणि परतल्यावर सांगतात की ही माणसं कुठेही गेली तरी एकमेकांना धरून राहतात. निरीक्षण खरं आहे, निष्कर्ष उलटा आहे. चिनी मोहल्ला आपुलकीने उभा राहत नाही. त्याची वेस आधी बाहेरचे लोक आखतात. आतले तिच्यावर कंदील टांगतात ते नंतर.

सॅन फ्रान्सिस्कोचंच बघा. १८४८ साली कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि दक्षिण चीनच्या कॅन्टन परिसरातून माणसं जहाजं भरून निघाली. काही काळ ती खाणीखाणींतून विखुरलेली होती. मग परदेशी खाणकामगारांवर कर बसला आणि तो मुख्यतः त्यांच्याकडूनच वसूल होऊ लागला. खाणीतून हटलेले हात रेल्वेला मिळाले. सिएरा नेवाडाचा कातळ फोडून पश्चिमेकडून रूळ टाकणाऱ्या मजुरांत बहुसंख्य चिनी होते. १८६९ च्या मे महिन्यात दोन बाजूंचे रूळ जुळले आणि तीच माणसं बेकार झाली. १८७१ मध्ये लॉस एंजेलिसच्या जमावाने चिनी माणसांना फासावर लटकवलं. १८८५ मध्ये वायोमिंगच्या रॉक स्प्रिंग्ज या कोळशाच्या गावात, मजुरीच्या भांडणातून, गोऱ्या खाणकामगारांनी किमान २८ चिनी खाणकामगारांना ठार केलं आणि त्यांची घरं जाळली. उमरेडसारख्या कोळशाच्या गावात राहणाऱ्याने हे वाचून जरा थांबावं. तोवर १८८२ चा कायदा झालेला होता: चिनी मजुराला देशात प्रवेश नाही आणि आहे त्याला नागरिकत्व नाही. लहान गावं अशी एकामागून एक असुरक्षित झाल्यावर माणूस जाणार कुठे? जिथे आपल्यासारखे आणखी हजार आहेत, त्या चार गल्ल्यांत. त्या गल्ल्यांपलीकडे खोली मिळत नव्हती आणि रस्ता ओलांडला तर दगड पडत होते. याला एकमेकांना धरून राहणं म्हणता येईल. पण दुसरं काही धरायला उरलंच नव्हतं, हे त्यासोबत सांगावं लागेल.

ती वेस किती बाहेरून आखलेली होती, हे १९०० साली प्लेगने दाखवलं. मार्च महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या अधिकाऱ्यांनी चिनी मोहल्ल्याभोवती दोर बांधून तो बंद केला. पुढे काटेरी तार आली. ती रेघ सरळ नव्हती. मध्ये गोऱ्या माणसाचं दुकान आलं की वळसा घालून त्याला बाहेर सोडत ती पुढे जात होती. जंतू जणू कातडी पाहून चावणार होते. पुण्यात १८९७ च्या प्लेगमध्ये रँड या अधिकाऱ्याच्या सोजिरांनी घरात शिरून काय केलं, हे ज्या मराठी माणसाला शाळेपासून ठाऊक आहे, त्याला या दोराचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. सहा वर्षांनी, १९०६ च्या एप्रिलमध्ये भूकंप आणि आग आली, मोहल्ला राख झाला आणि शहराच्या पुढाऱ्यांनी ठरवलं की ही मोक्याची जागा आता सोडवून घ्यावी, चिन्यांना शहराच्या टोकाला हंटर्स पॉइंटला हलवावं. चिनी व्यापाऱ्यांनी ते होऊ दिलं नाही. त्यांनी गोरे वास्तुकार लावून वळणदार छपरांच्या, मनोऱ्यांच्या इमारती उठवल्या. कॅन्टनच्या गल्लीत तशी घरं कुणी बांधत नव्हतं. ती बांधली होती गोऱ्या पर्यटकाच्या डोळ्यांसाठी. ज्याला लोक बघायला येतात ते पाडायला हात धजावत नाही, हा हिशेब पक्का होता. आज आपण ज्याला अस्सल चिनी थाट म्हणून टिपतो, तो म्हणजे घर वाचवण्यासाठी चढवलेला पोशाख आहे. त्याच आगीत जन्माच्या नोंदीही जळाल्या. मग अनेकांनी आपण इथेच जन्मलो असं सांगितलं, कागदावरचे मुलगे दाखवले आणि त्या कागदावर गावाकडची खरीखुरी पोरं अमेरिकेत आली. कायद्याने दार बंद केलं होतं. आगीने एक फट ठेवली.

अमेरिकेतल्या एवढ्या चिनी रेस्टॉरंटांचं कोडंही इथेच सुटतं. बंदी मजुराला होती, व्यापाऱ्याला नव्हती. १९१५ च्या एका न्यायालयीन निर्णयानंतर ठरावीक अटी पाळणारा रेस्टॉरंटवालाही व्यापाऱ्यात धरला जाऊ लागला आणि हॉटेल काढणं हा चीनमध्ये जाऊन परत येण्याचा, नातलगाला आणण्याचा मार्ग झाला. चिनी माणसाला स्वयंपाकाची उपजत आवड असते म्हणून न्यूयॉर्कमध्ये घरोघरी चॉप सुई पोहोचली नाही. कढईखाली जाळ लावला होता कायद्याने.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. हिंदुस्थानात असा कोणताही कायदा नव्हता, तरी कोलकात्यात चिनी वस्ती झाली, मुंबईत माझगावला झाली. मग वेस बाहेरून आखली जाते हे कसं? माझगावच्या आधीचा एक मुक्काम बघावा लागेल, तो महाबळेश्वरचा. १८३० च्या दशकात इंग्रजांनी मलाक्का-सिंगापूरकडचे चिनी आणि मलायी कैदी या थंड हवेच्या गावी आणून ठेवले. त्यांनी तिथे बटाटे आणि भाजीपाल्याचे मळे केले, साहेबांच्या मेजावर ताजी भाजी पोहोचवली. १८६४ मध्ये तुरुंग बंद झाला. त्यांची आठवण चायनामन्स फॉल या धबधब्याच्या नावात राहिली, वस्ती मात्र राहिली नाही. मराठी मुलखातला हा पहिला ठळक चिनी मुक्काम बेड्यांनी आणलेला होता. माझगाव त्याहून मोकळं होतं, पण तेही गोदीने घडवलं. मुंबई आणि कॅन्टन यांच्यामध्ये कापूस आणि माळव्याची अफू यांचा व्यापार चालला, पारशी शेठ त्यात गबर झाले आणि त्या जहाजांच्या वाटेने कॅन्टनकडचे खलाशी आणि कारागीर इथे उतरले. १९१९ साली त्यांनी डॉकयार्ड रोडजवळ, नवाब टँकच्या अंगाला सी यूप कून हे देऊळ उभं केलं. पाहुण्या खलाशाला उतरायला जागा आणि वर देव, अशी ती सोय. उरलेल्यांनी दात बसवणं, रेशीम विकणं, पुढे केस कापणं असे धंदे धरले. कोलकात्याच्या टांग्र्यात हक्का या चिनी समाजाच्या लोकांनी चामडं कमावलं. आता विचार करा, चामडं कमावायचं काम त्यांच्या वाट्याला मोकळं का राहिलं? कारण आपल्याकडे त्या कामाला विटाळ चिकटलेला होता आणि जातीबाहेरच्या माणसाला तो लागत नव्हता. कायदा नव्हता हे कबूल. जात होती.

आणि कायदा नव्हता हेही १९६२ पर्यंतच. त्या हिवाळ्यात सीमेवर युद्ध झालं आणि दिल्लीने परकीयांचा कायदा असा वाढवला की ज्याचे आजा-आजी शत्रुदेशाचे नागरिक होते, तो इथे जन्मलेला असला तरी परका धरता यावा. आसाम, शिलाँग, दार्जिलिंग या भागांतून मुख्यतः, अशी तीन हजारांच्या आसपास माणसं, बाया-पोरांसह, रेल्वेने राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेऊन ठेवली. (वर्ध्याजवळची आपली देवळी नव्हे, पण नाव ऐकून विदर्भातला माणूस दचकतो खरा.) काहींची सुटका व्हायला १९६७ उजाडलं. घरी परतलेल्यांची घरं लिलावात गेलेली होती. मोकळे राहिलेल्यांवर पोलिसांची नजर होती. मग मुंबई-कोलकात्याचे चिनी कॅनडाकडे निघाले. टोरांटोत आज हक्का चायनीज नावाचं जे मसालेदार जेवण मिळतं, ते आपल्याच देशातून गेलेल्या माणसांचं. माझगावला देऊळ राहिलं, चिनी घरं विरळ झाली. मोहल्ला बाहेरच्यांनी घडवला आणि बाहेरच्यांनीच मोडला.

दुसरा आक्षेप आजचा आहे. अमेरिकेत १९४३ मध्ये बंदी उठली, १९६५ च्या कायद्याने दार खरंच उघडलं, १९४८ पासून घर विकताना वंशाची अट न्यायालयात टिकत नाही; तरी न्यूयॉर्कचं फ्लशिंग आणि लॉस एंजेलिसजवळचं मॉन्टेरे पार्क चिनी माणसांनी भरलं. पैसेवाले तैवान-हाँगकाँगकर तिथे आपणहून गेले. हा आक्षेप मी निम्मा मान्य करतो. आपली भाषा बोलणारा डॉक्टर, आपली भाजी, म्हाताऱ्या आईला गप्पांना कुणीतरी, यासाठी माणूस माणसाजवळ घर घेतो. पण त्याला हवं तेव्हा निघता येतं, हा फरक लहान नाही. आणि केवळ आपुलकीने मोहल्ले होत असते तर अमेरिकेत एव्हाना मराठी पेठ व्हायला हवी होती. आपली माणसं तिकडे गेली ती बहुतांशी १९६५ नंतर, पदवी घेऊन, पगार ठरवून. त्यांना कुणी गल्लीत कोंडलं नाही, म्हणून ती उपनगरांत पांगली. १९६९ मध्ये शिकागोला महाराष्ट्र मंडळ झालं, १९८१ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळ. गणपती बसतात, नाटकं होतात, दोन वर्षांनी अधिवेशन भरतं आणि सोमवारी प्रत्येक जण आपापल्या उपनगरात असतो. आपल्यात जिव्हाळा कमी म्हणून असं झालं, असं कुणी म्हणणार नाही. (भांडणं जास्त म्हणून, असं म्हणणारे भेटतील.) उलट त्याआधी गेलेले हिंदी लोक पाहा. वर्ध्यात जन्मलेले क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे ज्या काळात पॅसिफिकच्या किनाऱ्यावर इंग्रजांविरुद्धच्या गदर चळवळीच्या उठावणीत होते, त्याच काळात, १९१३ साली, कॅलिफोर्नियाने नागरिक होऊ न शकणाऱ्यांना शेतजमीन घेण्याची बंदी केली आणि १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणूस नागरिकत्वाला अपात्र ठरवला. तिथले पंजाबी शेतकरी मोजक्या खोऱ्यांत गोळा झाले, अनेकांनी मेक्सिकन बायकांशी संसार केले. देश तोच, कायदा बदलला तशी वस्तीची तऱ्हा बदलली.

खरं तर मराठी गावाला हे सिद्ध करून दाखवायची गरजच पडू नये. उमरेडच्या इतवारी, मंगळवारी, बुधवारी या पेठा बाजाराच्या वारांनी ओळखल्या जातात. रेशीमकाठी धोतरांसाठी नाव मिळवलेल्या या गावात कोष्टी मागाच्या सोयीने शेजारी राहिला. ते झालं धंद्याचं एकत्र येणं. पण गावकुसाबाहेरची वस्ती कुणाच्या हौसेची होती? ती माणसं एकमेकांना धरून राहतात, असं तेव्हाही म्हटलं जात होतं. त्याच उमरेडजवळ कोळशाची खाण निघाली, देशभरचे कामगार आले आणि क्वार्टर मिळालं ते पद आणि श्रेणी पाहून. भाषा पाहून नव्हे. कॉलनीत साहेब वेगळा राहतो आणि मजूर वेगळा, पण मजुरांच्या रांगेत भोजपुरी आणि तेलुगू एका भिंतीला असतात. वाटप कोण करतो यावर शेजार ठरतो. तुमसरहून गाडी पूर्वी जिथे संपायची त्या मॅंगनीजच्या तिरोडीत १९६२ च्या युद्धातला एक चिनी सैनिक राहिला. १९६३ च्या जानेवारीत सापडला, काही वर्षं तुरुंगात होता, मग या गावात सोडला गेला, पिठाच्या गिरणीत राबला, इथेच लग्न केलं आणि २०१७ मध्ये पहिल्यांदा मायदेशी जाऊन आला. एकट्या माणसाचा मोहल्ला होत नाही. आणि गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, सरकारने जमीन दिली म्हणून आहे. थंडीत स्वेटर विकणाऱ्या या लोकांना आपल्याकडे सर्रास चिनी म्हणतात. चीनमुळे घर सुटलेल्यांना याहून मोठी शिवी नाही.

तेव्हा अमेरिकेतल्या एखाद्या शहरात चिनी मोहल्ला शोधायचा तर कमानीवरून शोधू नये. वॉशिंग्टनची भव्य कमान १९८६ ची आहे. तिच्याभोवती कॉफीच्या दुकानांवरही चिनी अक्षरं आहेत आणि चिनी रहिवासी थोडके उरले आहेत. तिथले जुने चिनी लोकही आधी दुसरीकडे राहत. सरकारी इमारतींसाठी १९३० च्या दशकात तिथून उठवले गेले. लॉस एंजेलिसचा जुना मोहल्ला ज्या जागी होता, तिथे आता युनियन स्टेशन आहे. जुना नकाशा काढावा, रेल्वे, गोदी आणि पाणथळ जमीन कुठे होती ते बघावं, कुणाला कुठे घर नाकारलं त्याचे निकाल वाचावेत. गल्ली आपोआप सापडते. अमेरिकेच्या सिनेटने २०११ मध्ये आणि प्रतिनिधी सभेने २०१२ मध्ये चिनी लोकांविरुद्धच्या त्या कायद्यांबद्दल खेदाचे ठराव केले. उशीर झाला, पण केले. देवळीबद्दल भारताच्या संसदेने असा ठराव केलेला नाही.