माळकऱ्याच्या माथी दारूचा आळ

खामगावच्या कापूसबाजारात एका अडत्याच्या पेढीवर दिवाणजी असलेल्या, गळ्यात तुळशीची माळ घालणाऱ्या आणि शेगावची वारी पायी करणाऱ्या माझ्या वडील बंधूंना दारूडा ठरवून बडतर्फ करण्यात आले, हे आठवले की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो. त्यांचा तोल जाई, जीभ जड होई, खतावणीत अक्षरे वेडीवाकडी उमटत. एवढ्या पुराव्यावर फैसला झाला. कैफियत कोणी ऐकून घेतली नाही, तोंडाचा वास घेऊन खात्री करण्याची तसदीही कोणी घेतली नाही, आणि ज्यांचे हिशेब त्यांनी वर्षानुवर्षे पै न् पै जुळवून दिले, तेच लोक त्यांना झोकांड्या खात पेढीच्या पायऱ्या उतरताना पाहून हसले.

पुढे दादा अकारण रडू-हसू लागले, घरच्यांचाच संशय घेऊ लागले. नातेवाइकांनी त्यांना सैलानी बाबांच्या दर्ग्यावर नेले. नंतर एका रुग्णालयात मनोविकाराची नोंद होऊन गोळ्या सुरू झाल्या. चार पावले चालवून पाहण्याची तजवीज मात्र नागपूरच्या मज्जाविकारतज्ज्ञांनीच प्रथम केली. टाचेला चवडा लावून सरळ रेषेत चाला, स्वतःच्या नाकाला आणि मग माझ्या बोटाला बोट लावा, असे त्यांनी सांगितले. दादांचे बोट लक्ष्याजवळ येताच थरथरे आणि चुके. एमआरआयमध्ये लहान मेंदू झिजलेला दिसला.

वजनाने संपूर्ण मेंदूच्या सुमारे एक दशांश, पण त्यातील जवळजवळ 80 टक्के चेतापेशी सामावणारा हा भाग केवळ तोल सांभाळतो, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. परंतु 1998 साली जेरेमी श्माहमान आणि जॅनेट शर्मन यांनी लहान मेंदूपुरताच विकार असलेल्या 20 रुग्णांचा अभ्यास करून विचार, भाषा आणि भावना यांचे नियमनही तेथील बिघाडाने ढासळते, असे दाखविले. मद्याचा अंमलही याच भागावर चढतो, म्हणून हा रोगी मद्यप्यासारखा चालतो. प्रत्येक मनोविकाराचे मूळ येथे नसते. तरीही उतारवयात प्रथमच मन बिघडलेल्या इसमास कागदावर शिक्का मारण्यापूर्वी चालवून पाहावे, असा माझा आग्रह आहे.

अहवालाची नक्कल पेढीवर नेऊन आपटावी, असे मला फार वाटे. दादांनी मनाई केली. गोळ्या बदलल्यावर त्यांचे रडणे आटोक्यात आले, चाल मात्र सुधारली नाही. दर्ग्यावर नेण्याचा मी कडवा विरोधक. दादा मात्र सैलानीची आठवण मायेने काढतात, कारण तेथे त्यांना कोणी दारूडा म्हटले नाही. यावर मला उत्तर देता येत नाही.