उजवीकडून तिसरी

इतिहासाच्या सरांनी एकदा तासाला जुन्या मुंबईच्या माणसांची छायाचित्रे दाखविली. विल्यम जॉन्सन नावाच्या गृहस्थाने ती दोन खंडांत छापली. पहिला खंड १८६३ चा, दुसरा १८६६ चा. मुंबईत 'फोटोग्राफिक सोसायटी' १८५४ मध्येच निघाली होती. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजीही तेव्हा छायाचित्रे काढीत. म्हणजे हा नाद काही एकट्या साहेबाचा नव्हता!

जॉन्सनच्या पुस्तकात भाटिये आहेत, मेमन आहेत, पारशी आहेत. पण गंमत अशी की माणसे टिपली एका ठिकाणी आणि मागचा देखावा आणला दुसरीकडून. दोन्ही जोडून एक चित्र केले. खाली जात लिहिलेली. माणसाचे नाव बहुधा नाहीच.

त्यांतल्या एकाची प्रत मी वेसाव्याला घरी नेली. आजीने ती डोळ्यांजवळ धरली. "यो कोन? याचा नाव काय?"

"नाव लिहिलेलं नाही, आजी."

"मंग घरच्यांनी वलखायचा कसा?"

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजीने पत्र्याची पेटी उघडली. लग्नाच्या वर्षी अंधेरीच्या एका स्टुडिओत काढलेला तिचा फोटो निघाला. मागे पडद्यावर रंगविलेले तळे आणि दोन हंस. दारापुढे अख्खा समुद्र असताना!

दुसरा फोटो नारळी पौर्णिमेचा. सात बायका, अंगभर दागिने, केसांत फुले. आजी भराभर नावे सांगू लागली. उजवीकडून तिसरीशी मात्र बोट थांबले. ती बाजारात कुठे बसे, भावावरून गिऱ्हाइकाशी कशी भांडे, वलांडीवर बोंबील घालण्यात तिचा हात कोणी कसा धरीत नसे, सारे आठवले. नाव तेवढे येईना. विचारावे, तर गल्लीत आजीच्या वयाचे कोणी उरलेले नाही. आणि आजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे.

फोटोच्या पाठीवर मी सहा नावे लिहिली. सातव्या जागी 'कोळीण, वेसावे' असे लिहून गेलो. मग माझीच मला लाज वाटली. ते खोडले आणि आजीने सांगितलेले सारे बारीक अक्षरांत लिहिले. नावापुरती जागा मोकळी ठेवली आहे.

आजी अजून सकाळी चहा पिता पिता एखादे नाव मोठ्याने म्हणून पाहते आणि मान हलविते.