गोठ्यालगतची जुनी जीप

म्हसेच्या यात्रेत बैल घ्यायला गेल्यावर आपण काय काय पाहतो? दात मोजतो, खूर उचलतो, मानेवर हात फिरवून खांदा पाहतो, चार पावले चालवून बघतो. शिंगे रंगवली आणि गळ्यात घुंगुरमाळ घातली म्हणून कोणी हजार रुपये जास्त देत नाही. मात्र गोठ्यालगत पेंढ्याखाली उभी असलेली जुनी जीप विकायची वेळ आली, की हाच चोखंदळ शेतकरी भंगारवाला म्हणेल तो भाव घेतो, नाहीतर दलाल रचील त्या गोष्टीवर विश्वास ठेवतो. म्हणून आज भात आणि वाल बाजूला ठेवून जुन्या गाड्यांवर चार शब्द लिहितो आहे.

दापोलीहून बी.एस्सी. कृषी करून मी नोकरीला लागलो, तेव्हा आमच्या कचेरीच्या आवारात एक जुनी महिंद्र जीप होती. तिच्यातून भिवंडी तालुक्यातली कितीतरी गावे मी पाहिली. पडघा, अनगाव, अंबाडी, वज्रेश्वरी. पावसाळ्यात काही ठिकाणी जीप सोडून दुसरे वाहन पोचतच नसे. पुढे ती निर्लेखित झाली आणि लिलावात गेली. तेव्हापासून कुठल्या वाडीत जुनी सरकारी गाडी दिसली, की थांबून वाकून पाहण्याची मला खोड लागली. बायको म्हणते, माणसांपेक्षा तुम्हाला गंजाची ओळख जास्त!

आता या गाड्यांना गिऱ्हाईक आले आहे. मुंबई-पुण्याचे शौकीन लोक गावोगाव फिरतात, आणि त्यांत पोलिसांच्या जुन्या गाडीला विशेष मागणी असते. सिनेमात शेवटी येणारी ती जीप नाहीतर अँबॅसेडर आपल्या दारात असावी, ही हौस. हौसेला मोल नसते हे दलालाला पक्के ठाऊक आहे. म्हणून साध्या जीपची रातोरात ‘पोलीस जीप’ होते.

अमेरिकेत हे ओळखणे त्या मानाने सोपे. तिथे फोर्ड कंपनीची क्राऊन व्हिक्टोरिया ही गाडी २०११ सालापर्यंत खास पोलिसांसाठी वेगळी बांधली जाई आणि गाडीच्या क्रमांकातच तशी खूण असे. आपल्याकडे जी जीप गटविकास अधिकाऱ्याला मिळे, साधारण तशीच फौजदारालाही मिळे. दोघींना शेजारी उभे केले तर जन्मखूण एकच. फरक असलाच तर तो पुढच्या वापराचा आणि कागदाचा.

आधी जीप कुठली ते पाहावे. महायुद्धातली विलीज किंवा फोर्डची लष्करी जीप असेल, तर तोंडावरच्या जाळीला नऊ उभ्या फटी असतात, दिवे लहान आणि आत बसवलेले असतात, मागे उघडणारी फळी नसते. फोर्डने तर आपल्या सुट्या भागांवर आणि बोल्टच्या डोक्यांवर ‘एफ’ अक्षर उठवले होते. फडक्याने तेल पुसले की दिसते. नागरी विलीजला फटी सात, दिवे मोठे. महिंद्रने १९४७ च्या सुमारास मुंबईत विलीजचे सुटे भाग आणून जोडायला सुरुवात केली. पुढे आली ती सीजे-३बी, उंच बॉनेटची. इंजिन उंच होते म्हणून बॉनेट वर उचलावे लागले. अमेरिकेत ही जीप १९६८ ला बंद झाली, आपल्याकडे मात्र पुढेही निघत राहिली. आपल्या गोठ्यांशेजारी उभ्या दिसतात त्या बहुतेक हिच्याच पिढीतल्या. अँबॅसेडर असेल, तर ती १९५७ ते २०१४ इतकी वर्षे निघाली; तेव्हा नुसत्या आकारावरून साल ठरवू नये, नोंदणी पाहावी.

मग पोलिसांची खूण कशी शोधायची? रंगावर जाऊ नका. रंग पेंटर एका दिवसात देतो. डॅशबोर्डच्या मागे, सीटखाली, बिजागरीच्या आत नखाने थोडे खरवडा. तिथे कोणी नव्याने रंगवायला जात नाही, मूळ रंग तिथे सापडतो. वायरलेसचा संच आणि त्याची काठी बसवली असेल तर पत्र्याला भोके राहतात. जुन्या भोकाच्या कडेला आतपर्यंत रंग आणि गंज असतो. नव्या भोकाची कड चकचकीत दिसते. अर्थात आपल्या लोकांनी जीपला भोके काय कमी पाडली आहेत? फवारणीचा पंप बांधायला, लग्नात लाउडस्पीकर लावायला. त्यामुळे भोक म्हणजे इशारा समजावा, पुरावा समजू नये.

आणखी एक घोटाळा फार होतो. “ही आम्ही पोलीस ठाण्याच्या लिलावात घेतली” असे माणूस खरेच सांगतो. पण ठाण्याच्या आवारातून विकली जाते ती पुष्कळदा बेवारस किंवा मुद्देमालातली गाडी. ती पोलिसांनी चालवलेली नसते, नुसती सांभाळलेली असते. कोंडवाड्यातून सोडवलेला बैल पाटलाचा होत नाही, तसेच हे.

म्हणून शेवटी कागद बोलतो. लिलावाची पावती, गाडी ताब्यात दिल्याचे खात्याचे पत्र, आर.सी. बुक, आणि त्यावरचे चासी व इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळणारे. आर.सी.वर आधीचा मालक म्हणून कोणते खाते आहे ते वाचा. हे कागद पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाबरोबर ठेवा. भंगारवाल्याला गाडीबरोबर फुकट देऊन टाकू नका. कागद गेला की गाडीची जातकुळी गेली.

किंमत कशी काढावी याचा माझा हिशेब साधा आहे. रिकाम्या जीपचे वजन एक टनाच्या आसपास. लोखंडाचा भाव समजा किलोला ३० रुपये असेल, तर ३०,००० रुपये ही तिची जमीन. त्याखाली कोणी मागितली तर चहा पाजून वाटेला लावा. पुढे चढती भाजणी. मूळ पेट्रोल इंजिन जागेवर आहे का? आपल्याकडे पेट्रोल परवडेना म्हणून कितीतरी जिपांना डिझेल इंजिने बसवली गेली. शेताला ती सोयीची, शौकिनाला नकोशी, आणि आर.सी.वर नोंद नसेल तर आर.टी.ओ.लाही नकोशी. मग पत्रा किती कुजला, दिवे आणि मीटर मूळचे आहेत का, आणि सर्वांत वर कागद. कागदासह पोलिसांची म्हणून सिद्ध झाली, तर साध्या जीपपेक्षा भाव चढतो. किती, ते गिऱ्हाइकाची हौस ठरवते. तिच्यासाठी एकाच माणसाचा शब्द धरू नये, निदान तिघांना दाखवावी.

कायदाही आता बदलला आहे. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली आणि मूळ रूपात असलेली गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदता येते. आधीची नोंदणी असेल तर जुना नंबर राखता येतो. नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क. पण अशी गाडी रोजच्या कामाला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे, एवढेच. वालाची पोती भिवंडीच्या बाजारात न्यायची असतील तर हा रस्ता तुमचा नव्हे. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांहून जुन्या सरकारी गाड्यांची नोंदणी चालू ठेवता येत नाही, त्या सरळ मोडीत जातात. लिलावातून जीप गावात यायची ती वाट बंद होत चालली. जी आहे ती राखा.

आमच्या भागातल्या एका घरची गोष्ट सांगून थांबतो. घरधनी वारलेले, सासऱ्यांनी लिलावात घेतलेली जीप पडवीला लागून उभी. सारा गाव तिला पोलीस जीप म्हणे. मुलाने मुंबईच्या एका शौकिनाकडून १०,००० रुपये विसार घेतला होता आणि मला पाहायला बोलावले होते. इंजिन मूळचे, पत्रा बरा. मी वहिनींना म्हटले, “वहिनी, कागद आहेत का?” त्यांनी पेटीतून पिवळे पाकीट आणले. पावतीवर पाटबंधारे खात्याचे नाव होते. आर.सी.वरही तेच.

“मग पोलीस कुठले?” मी विचारले.

वहिनी हसल्या. “अहो साहेब, आमचे मामंजी होमगार्डात होते. खाकी घालूनच जीप चालवायचे. लोक म्हणायला लागले, आम्ही कशाला नाही म्हणू?”

मुलगा गप्प झाला. त्याच्या ओळखीचा एक दलाल म्हणत होता, पावती फाडून टाका, निळा रंग आणि भोंगा मी बसवून देतो. पोरीच्या नर्सिंगची फी भरायची होती, आणि दोन भावांतला फरक त्या फीएवढा होता. वहिनींनी पाकीट माझ्याच हातात दिले आणि म्हणाल्या, “तुम्ही फोन लावा. पावती वाचून दाखवा त्यांना. विसार परत मागितला तर देऊ.”

फोनवर तो गृहस्थ थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, कागद पाठवा. आठ दिवसांनी स्वतः आला, जीपखाली सतरंजी टाकून तासभर पडून राहिला, चासी नंबर खडूने उजळून वाचला, आणि ठरल्यापेक्षा कमी पण लोखंडाच्या भावाच्या कितीतरी पट देऊन जीप घेऊन गेला. पोरीची निम्मी फी त्यातून भरली, उरलेल्या निम्म्यासाठी वहिनींनी म्हशीचे पारडू विकले. जाताना त्याने होमगार्डच्या खाकीतला मामंजींचा एक फोटो मागून घेतला. डॅशबोर्डवर लावायचा होता म्हणे.