एका सेकंदाची गोष्ट

"तू नवीन आकडा टाकलाच नाहीस!" मी ओरडलो.

"अरे, तुझ्यादेखत स्क्रिप्ट चालवली ना!" रूममेटही तेवढ्याच जोरात. रात्रीचे दोन वाजले होते आणि सकाळी प्रोजेक्टचा रिव्ह्यू.

आमचा प्रोजेक्ट म्हणजे नेटवर्क फाईल सिस्टिमचा छोटा ड्रायव्हर. फाईल त्याच्या मशीनवर, पण माझ्याकडे ती आपल्याच डिस्कवर असल्यासारखी उघडायची. सन कंपनीने १९८४ साली बनवलेल्या एनएफएसचीच ही कल्पना, आम्ही ती लिनक्सवर फ्यूज वापरून केली होती. दर वेळी नेटवर्कवरून वाचायचं तर सगळं गोगलगायीच्या गतीने चालणार. म्हणून एकदा वाचलेलं कॅशमध्ये ठेवायचं (कॅश म्हणजे पैसे नव्हेत, ते महिनाअखेरीला कुणाकडेच नसतात!). हा भाग माझा. फाईल उघडताना सर्व्हरला दोनच गोष्टी विचारायच्या: शेवटचा बदल कधी झाला आणि साईझ किती? दोन्ही तेच असेल तर कॅशमधलं दाखवायचं.

त्याची स्क्रिप्ट फाईलमध्ये आधी अंदाजे आकडा टाकायची, मग लगेच खरा. त्याच्याकडे ४७ दिसत होते, माझ्याकडे ४२. पुन्हा माउंट केलं की माझ्याकडेही ४७! म्हणजे माझा कोड बरोबर, असं मी धरूनच चाललो. पहिल्या सेमिस्टरला तो एक सबमिशन विसरला होता. तेव्हापासून 'हा धांदरट' हे माझ्या डोक्यात पक्कं होतं. तो काही न बोलता चादर ओढून झोपला.

मग एकट्यानेच टीसीपीडंप लावला. वेळ आणि साईझची विचारणा जात होती, मजकुराची मागणी मात्र जातच नव्हती. माझा ड्रायव्हरच 'बदल नाही' असं ठरवत होता! आम्ही वेळ पूर्ण सेकंदांत पाठवत होतो. ४२ लिहिले, माझ्या ग्राफच्या प्रोग्रॅमने वाचले, ४७ लिहिले, सगळं एकाच सेकंदात. आकडे दोनअंकी, त्यामुळे साईझही तीच. जुन्या एक्स्ट३ मध्येही वेळ सेकंदांतच साठवली जायची, तेव्हा एनएफएसलाही हा त्रास होता. तिच्या चौथ्या आवृत्तीत प्रत्येक फाईलसाठी बदलाची वेगळी खूण असते. आम्हीही तेच केलं. फाईल बदलली की सर्व्हरने तिचा क्रमांक एकने वाढवायचा आणि क्लायंटने उघडताना तो ताडून पाहायचा. जेमतेम वीस ओळी. मग फाईल लागोपाठ शंभर वेळा बदलून वाचून पाहिली. एकदाही चूक नाही.

पहाटे त्याला उठवलं, टपरीवर नेलं. म्हटलं, "सॉरी यार, चूक माझ्या कॅशची होती."

चहाचा घोट घेत तो म्हणाला, "कुठल्या? ड्रायव्हरमधल्या की डोक्यातल्या?"

रिव्ह्यू चांगला झाला. चहाचे पैसे अर्थातच मी दिले. मित्रांनो, तीन वर्षं एका खोलीत राहून मी त्याच्याबद्दलचं माझं मत एकदाही ताडून पाहिलं नव्हतं. ड्रायव्हर निदान वेळ आणि साईझ तरी विचारत होता!