घाटात चालणारी गाडी

जुनी स्पोर्टी गाडी ठेवणाऱ्याला लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. ‘ॲव्हरेज किती देते?’ आणि ‘रस्त्यात बंद पडत नाही का?’ पहिला मी हसून टाळतो. दुसरा टाळता येत नाही, कारण आठवड्यातून दोनदा मी याच गाडीतून आईला डायलिसिससाठी पाचगणीहून साताऱ्याला नेतो. जाताना पसरणीचा घाट उतरायचा, येताना चढायचा. मशीनवर चार तास काढून थकलेलं माणूस शेजारी बसलेलं असताना ‘बहुतेक पोचू’ हे उत्तर चालत नाही.

गाडी 2006 सालची, पेट्रोलवर चालणारी, सोळाशे सीसीची. साध्या घरगुती हॅचबॅकमध्ये ताकदवान इंजिन बसवायचं, ही कल्पना 1976 च्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयने जगभर लोकप्रिय केली. आमची गाडी त्याच कुळातली. अशा गाड्या चालवायला मजा येते, पण म्हाताऱ्या झाल्या की दुखण्यांची एक ठरलेली यादी घेऊन येतात.

गंमत म्हणजे त्या यादीत इंजिनाचं लोखंड फारसं नसतं. दगा देतं ते रबर आणि प्लास्टिक. रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाकीला वर्षानुवर्षांच्या उष्णतेने बारीक तडा जातो, होजपाइप कडक होतात, थर्मोस्टॅट अडकतो, पंख्याचा रिले जळतो. सपाट रस्त्यावर यातलं काही कळत नाही. घाटात दुसऱ्या गिअरवर चढताना काटा वर सरकतो तेव्हा कळतं. तरीही चालवत राहिलं तर हेड गॅस्केट जातं आणि काही शेकड्यांचं काम हजारोंवर जातं.

टायमिंग बेल्टचं दुखणं त्याहून वाईट, कारण तो बहुतेक वेळा आवाज न करता तुटतो. आमच्यासारख्या इंजिनात बेल्ट तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात आणि व्हॉल्व्ह वाकतात. गाडी कमी चालली म्हणून बेल्ट तरुण राहत नाही. रबर उभ्या-उभ्याही म्हातारं होतं. आमचे मेस्त्री किलोमीटरबरोबर वर्षंही मोजतात. बेल्ट बदलताना टेन्शनर आणि वॉटर पंपही बदलतात, कारण खोलायची मजुरी एकच.

सस्पेन्शन निदान बोलतं तरी. कडक स्प्रिंग, रुंद टायर आणि आपले रस्ते यांच्यामध्ये लोअर आर्मचे बुश आणि लिंक रॉड भरडले जातात. गतिरोधकावर ‘टक’ झालं की समजायचं. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर कटकट आली तर सीव्ही जॉइंट. त्याचं रबरी बूट फाटल्याबरोबर बदललं तर स्वस्तात सुटतं. ग्रीसमध्ये धूळ शिरली की जॉइंटच जातो. आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं. ते या वयाच्या गाड्यांसाठी नव्हतं, म्हणून इंधनाचे पाइपही यादीत आले.

दर तीन महिन्यांनी मेस्त्री ही यादी घेऊन गाडीखाली शिरतात. गाडीच्या भरवशापैकी निम्मा या माणसाचा आहे, असं मला वाटतं. नवी गाडी भरवशाची असते तेव्हा आपल्याला तिच्याबद्दल काही माहीत असावं लागत नाही. जुनीचं सगळं माहीत असावं लागतं. आईचंही आता तसंच झालंय: वजन, पाणी, पोटॅशियम, सगळं मोजून. ‘दोघींचं डबकं तुझ्याच गळ्यात आलंय रे,’ असं तीच म्हणते.

यंदा गाडीला 20 वर्षं झाली. 2021 मध्ये केलेलं नोंदणीचं नूतनीकरण संपतंय. तेव्हा त्याची फी 600 रुपये होती. आता 20 वर्षांवरच्या मोटारीला 10,000 आहे. या पैशांत गाडी विकायची की ठेवायची, असा हिशेब घरात चालू आहे. मी मेस्त्रींना विचारलं. ते म्हणाले, ‘पत्रा अजून चांगलाय. गंज चासीला लागला की मीच सांगेन, घाटात नेऊ नका.’

मी फी भरणार आहे. त्यांनी तसं सांगितलं, की त्या आठवड्यात दुसरी गाडी बघेन.